उजव्या पायातला वाळा

डॉक्टरांनी आमच्या गौरीच्या पायांतले चांदीचे वाळे काढून टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले आणि विचारलं, "उजवा मोठा कुणी केला?"

"सोनारानं," मी म्हणाले. "तीनदा."

गौरी तेव्हा दहा महिन्यांची. डॉक्टरांनी टेपनं तिचे हातपाय मोजले आणि आजाराचं नाव सांगितलं, हेमीहायपरप्लेजिया. म्हणजे जन्मापासूनच शरीराची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त वाढते. क्वचितच एखाद्या बाळाला होतं.

"तुमचं काही चुकलेलं नाही. पण अशा मुलांच्या पोटात, मूत्रपिंडात किंवा यकृतात, गाठ होऊ शकते. सात वर्षांची होईपर्यंत दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी करायची. गाठ लवकर सापडली तर उपचार होतात."

लवकर हा शब्द मला लागला. चार महिन्यांपूर्वी वाळा तिसऱ्यांदा घट्ट झाला, तेव्हा मी कर्जतच्या सोनारकाकांशी भांडले होते. एका जोडातला एकच लहान कसा केलात? ते शांतपणे म्हणाले, "ताई, वाळा बरोबर हाय. पोरीचा पाय बघा."

मी तणतणत कडावला घरी आले. सासूबाई म्हणाल्या, "बाळसं धरलंय गं पोरीनं, नजर लागायची." लगेच मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली, तीही काकांच्या नावानं. पुढे लशीच्या वेळी नर्सबाईंनी पाय दाखवला, तेव्हा कुठे आम्ही हललो.

सोनोग्राफीला पोट रिकामं लागतं. घरी दोन म्हशी आणि पोर दुधासाठी रडतेय. दवाखान्याच्या बाकावर बसून मी एकच म्हणायचे, माझ्या तोंडाळपणाची शिक्षा हिला नको. दर वेळी पोट स्वच्छ निघायचं. सवय होते म्हणतात, मला नाही झाली.

उजवा पाय लांब, म्हणून डाव्या चपलेला जाड तळ लावला. गौरी बांधावरून धावते, पडते, उठते.

गौरी सात वर्षांची झाली, परवा शेवटची सोनोग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, "आता पोटाची काळजी सोडा. पायांवर लक्ष ठेवू." तुमच्या बाळाचा पाय कुणी दाखवला, तर बायांनो, आधी बघा. दृष्ट नंतर काढा.

येताना कर्जतला उतरून पैंजण करायला गेले. साडेसहा वर्षं त्या दुकानाची पायरी चढले नव्हते. मी म्हणाले, "काका, तेव्हा तुमी बरोबर सांगितलंत. मी ऐकलं नाय."

काकांनी गौरीचे पाय मांडीवर घेतले.

"उजवा मोठा करा हां," गौरी म्हणाली.

"म्हाईत हाय गं. तुझ्या आईच्या आदीपासून म्हाईत हाय."

या वेळी मी भांडले नाही.