स्ट्रेचरचं दुसरं टोक

इंगळे सिस्टर हाणायच्या. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी हात न धुता बाळंतिणीच्या टाक्यांकडे बोट नेलं आणि मनगटावर असा फटका बसला की डोळ्यांत पाणी आलं. "नातलगाले मारता येत नाही, डॉक्टरले मारता येत नाही. राह्यल्या तुम्ही पोरी," असं वर सांगणं. बाई मूळच्या धाड गावच्या, आवाज भर बाजारातला. त्यांची धास्ती वाटायची, आणि ड्यूटी त्यांच्याच पाळीत लागावी असंही वाटायचं.

एका वर्षी आमच्या सरकारी दवाखान्यातले कक्षसेवक, आया, सफाईवाले संपावर गेले. आम्ही त्यांना मामा-मावशी म्हणतो. त्यांची संघटना वेगळी, आम्हा नर्सेसची वेगळी, त्यामुळे आम्ही कामावर होतो. दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी फर्मान काढलं, सगळी कामं नर्सेसनी करायची, झाडूसुद्धा. सिस्टरनी तो कागद त्यांच्याच टेबलावर परत ठेवला.

"रोग्याच्या जिवाले लागते ते सारं करू आम्ही. भांडं देऊ, रगत पुसू, स्ट्रेचर ढकलू. तुमच्या व्हरांड्याले झाडू नाही लावणार. तेवढ्यासाठीच तर बसले ना ते बाहेर?"

मग साहेबांनी वेगळीच शक्कल लढवली. मळक्या कपड्यांची गाठोडी स्ट्रेचरवर घातली, वर चादर ओढली आणि रोगी म्हणून संपकऱ्यांच्या डोळ्यांदेखत बाहेरच्या धोब्याकडे पाठवली. संध्याकाळी हे फुटलं, आणि संपाच्या मंडपात बसलेल्या माणसांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास संग्रामपूरकडची एक बाई बाळंत झाली आणि तिचं रक्त थांबेना. ऑपरेशनची खोली अंगणापलीकडे, अंगणात मंडप. सिस्टरचा उजवा हात चादरीखाली, रक्त थोपवायला मूठ बाईच्या पोटावर दाबलेली. डाव्या हातात स्ट्रेचर. पुढचं टोक माझ्याकडे. बाहेर एवढे पुरुष म्हणून मी बाईचं तोंडही झाकलं. ती चूक माझी.

शेषराव मामा आडवा आला. "पुन्हा गाठोडे घेऊन चालल्या का?"

"बाई हाय. सरक."

"चादर काढा, मंग जा."

चादरीखाली ती उघडी होती. शेषरावनं चादरीला हात घातला, तशी सिस्टरनी डाव्या हातानं त्याच्या मुस्काटात ठेवून दिली. त्याच्या हातात झेंड्याचा दांडा होता. पहिला फटका त्यांच्या खांद्यावर बसला, दुसरा डाव्या मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. एक दगड माझ्या कानाजवळून गेला आणि मी स्ट्रेचर सोडून पळाले. वॉर्डात शिरून दाराला कडी लावली.

खिडकीतून पाहत होते. सिस्टरनी पोटावरची मूठ काढली नव्हती. डावा हात लोंबत होता आणि त्या कमरेनं स्ट्रेचर ढकलत होत्या. फरशीवर रक्ताचे थेंब पडत होते.

"रगत पाहा रे, आंधळ्यांनो!" त्या ओरडल्या.

मंडपातून चंद्रभागा मावशी धावली. तीही संपावरच होती. "सरका बे, मुडद्यांनो!" म्हणत तिनं शेषरावला कोपरानं ढकललं आणि मी सोडलेलं टोक धरलं. बाई वाचली.

पोलिसांना सिस्टरनी शेषरावचं नाव लगेच सांगितलं. माफीबिफीच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत. साहेब खाटेशी येऊन म्हणाले, "आता तरी नर्सेसना झाडू घ्यायला सांगा. हात मोडला त्यांनी तुमचा."

"हात शेषरावनं मोडला, साहेब. संपानं नाही."

संप मिटेपर्यंत आम्ही एकीनंही झाडू उचलला नाही.

आमच्या संघटनेनं मग शूर नर्स म्हणून आम्हा दोघींचा सत्कार केला. मी पळाल्याचं सिस्टर आणि मंडपाखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं, आणि मंडपाला कुणी विचारलं नाही. मला स्टेजवर मान वर करवेना. फोटोसाठी हसत हसत सिस्टर माझ्या कानाशी वाकल्या. "घे शाल, घे. पुढच्या खेपेले पयाली तर याच शालीनं नरडं दाबीन."

सिस्टर गेल्या वर्षी गेल्या. शोकसभेत लोकांनी मला आग्रहानं उभं केलं, त्या दिवशी तुम्हीच तर सोबत होतात म्हणून. मी म्हणाले, "त्या बाईला इंगळे सिस्टरनी आणि चंद्रभागा मावशीनं नेलं. मी आत कडी लावून बसले होते."