एक बाटली, दोन डोस्के

पोरी माह्या पोराले नाई म्हणत होत्या अन् कारण कोणी सांगत नव्हतं. नोकरी पक्की, वर्ध्याले हापिसात कारकून, रोज यष्टीनं जाणं-येणं. इकडं गावी, रोहण्याले, ओलिताचं वावर. दारू नाई, खर्रा नाई. तरी मधल्या मानसाचा निरोप यायचा का पत्रिका जुळत नाई. आता दरवेळी पत्रिकाच कशी नाई जुळत? शेवटी एका पोरीच्या आजीनं फोनवर सांगून टाकलं. म्हणे बाई, पोरगा चांगला आहे तुमचा, पण माही नात म्हणते का तो तिच्या बापापेक्षा मोठा दिसते.

मले तिचा राग नाई आला. खरंच दिसत होता. पस्तिशी लागाची होती अन् कपाळ पार टाळूपर्यंत गेलतं.

केस जाणं मले नवीन नाई. मालक गेले तवा हा पोरगा रांगत होता. भासऱ्यानं, म्हणजे मालकाच्या मोठ्या भावानं, वावर वाहून देल्लं, अन् बाकी सारं म्या केलं. निंदण केलं, कापूस वेचला, लोकाईच्या इथं कामाले गेली. रडाले सवड नव्हती, मंग ती सवयच राह्यली नाई. चाऱ्याचे अन् पऱ्हाटीचे भारे डोस्क्यावर आणू आणू मधातले केस घासून गेले. पण बाईच्या जातीले पदर असते. डोस्क्यावर घेतला का झालं, कोणी पाहत नाई. मानसाले पदर नाई, ही त्याईची मोठी पंचाईत.

पोरगा वर्ध्याच्या चामडीच्या डॉक्टरनीकडं गेला. तिनं पाण्यासारख्या औषधाची बाटली देल्ली. सकाळ-संध्याकाळ कोरड्या डोस्क्याले लावाचं, बोटानं जिरवाचं. त्याचं पाहून माह्या पुतण्यानंबी तीच बाटली मांगवली. हा भासऱ्याचा पोरगा. दोघं एकाच उमरीचे, एकाच आंगणात वाढलेले. पुतण्या शेती करते, लग्न झालं, दोन लेकरं. त्याले केसाईची गरज काहीच नव्हती. पण टाळूवर पातळ झालते अन् त्याची बायको म्हणे, वावरात टोपी घालून जात जा, नाईतं बगळे समजतीन का अंडंच पडलं.

माहा पोरगा मोबाईलात घड्याळ पाहून लावे. आरशासमोर उभा राहून, थेंब मोजून, मंग तेवढा वेळ कोणासंगं बोलेबी नाई. पुतण्या गोठ्यात म्हशीपाशी बसल्या बसल्या भसकन डोस्क्यावर ओते, अन् हात दुपट्ट्याले पुसून दूध काढे.

आधी काय झालं, का पुतण्याचे होते तेही केस गळाले लागले. उशीवर केस, वरणात केस. त्याची बायको बाटली उकिरड्यावर फेकाले निंगाली होती. माह्या पोराचा एक केस गळला नाई. तो खुश. म्हणे माय, पाहून राह्यली नं, औषध बराबर लावलं का असं असते.

मंग पोळा झाला, दिवाळी झाली, अन् पुतण्याची टाळू काळी पडाले लागली. आधी बारीक लव, मंग चांगले केस. औषध गालावर ओघळे तं कानाच्या पुढंबी झुपके आले. अन् माह्या पोराचं कपाळ जसंच्या तसं, घासलेल्या थाळीवानी.

गावात ज्याले त्याले कारण ठाऊक होतं. कोणी म्हणे वर्ध्याचं पाणी खारं आहे. कोणी म्हणे हापिसात पंख्याखाली बसते म्हणून. बऱ्याच जणाईनं माह्या बापाचं टक्कल काढलं, म्हणे मायकडूनच आलं. पुतण्या म्हणे, काकू, हे म्हशीच्या धारेमुळं होते, याले आपल्या गोठ्यात पाठव. अन् माहा पोरगा, शिकला-सवरला, दोन दिवस खरंच गोठ्यात बसून औषध लावून आला. म्हशीनं शेपटी हाणली तवा थांबला.

मंग मी त्याच्यासंगं डॉक्टरनीकडं गेली. मी म्हटलं, मॅडम, एकच आंगण, एकच बाटली, मंग त्याले काऊन आले अन् याले काऊन नाई? तिनं आधी याचीच परीक्षा घेतली. रोज लावता का, कोरड्यावर लावता का, वरून तेल थापता का, मधात सोडलं का. यानं सारे उत्तर बराबर देल्ले अन् तरी नापास झाला.

ती म्हणे, आजी, बाटलीतलं औषध जसंच्या तसं काम नाई करत. चामडीत गेल्यावर तिथं ते बदलते, मंग ते केसाच्या मुळीले उठवते. हे बदलवणारं जे असते ते कोणाच्या चामडीत जास्त असते, कोणाच्या कमी. ते जन्माचंच आहे, याची काही चूक नाई. दुसरं, मुळी जिती पाह्यजे. टाळूवरची जराशी निजेल असते, उठते. कपाळावरची बऱ्याच वर्षाची मेली असन तं कोण उठवते? आधी केस गळणं बी कधी कधी चांगलं लक्षण असते, जुने पडून नवे येतात.

मले समजलं. दूध साऱ्याच्या घरी सारखंच, पण भांड्यात विरजण नसलं तं दही कुठून लागन? मी म्हटलं, मॅडम, मंग विरजण बाहेरून नाई टाकता येत? ती हसली. म्हणे तेवढं सोपं असतं तं मी वर्ध्यात बसली असती का. दुसरे उपाय आहेत, गोळ्या आहेत, पण विचारानं घ्या लागतात. परततानी पोरगा यष्टीत खिडकीच्या काचेत स्वतःलेच पाहत होता. मी दुसरीकडं पाह्यलं.

तेवढ्यात वडनेरचं स्थळ आलं. पोरगी हिंगणघाटले शाळेत शिकवते. तिच्या बापाले पोरगा पसंत पडला, फोटोवरून. तो फोटो कॉलेजातला होता, त्यात केस वाऱ्यानं उडून राह्यले होते. पाहाले याचा दिवस ठरला अन् पोराची झोप उडाली. हे स्थळ गेलं तं आता पुढं कोणी विचारन असं वाटत नव्हतं, त्याले बी अन् मले बी.

अन् भासरे गेले. पिकल्या पानावानी गेले, दुखणं-खुपणं नाई. दहाव्याले नाल्यावर भावकीतले सारे मानसं वस्तऱ्याखाली बसले. पुतण्याचे नवे केस गेले. त्याची बायको सासऱ्यासाठी रडत होती का त्या केसाईसाठी, मी इचारलं नाई. माहा पोरगा आपल्या हातानं टोपी काढून बसला, ज्या मानसानं आपल्याले वाढवलं त्याच्यासाठी बसणं आलंच. न्हावी त्याच्या डोस्क्याकडं पाहून म्हणे, तुमचं अर्धं काम देवानंच करून ठेवलं, मी फक्त कडेकडेनं फिरून येतो. त्या दिवशीबी मानसं हसले. भासरे असते तं तेबी हसले असते.

घरी आल्यावर पुतण्याले अक्कल सुचली. म्हणे काकू, आता पोरीवाल्याईले काय समजते? साऱ्याईचेच डोस्के गुळगुळीत. दहाव्याचं मुंडण आहे, केस येतीन म्हणाचं. देवानं संधी देल्ली आहे. भावकीलेबी पटलं. वडनेरले कळवलं का तेरवी झाली का या, आमच्या भासऱ्याची पोराचं लग्न पाहाची इच्छा होती. ते खोटं नव्हतं.

पण तेरवीपर्यंत खुंट निंगाले. पुतण्याचं सारं डोस्कं काळं झालं, अन् माह्या पोराचं फक्त कानाच्या वरून मागं झालर लावल्यासारखं. नकाशाच म्हणा. मंग पुतण्या रोज सकाळी वस्तरा अन् गरम पाणी घेऊन ये अन् याचं डोस्कं घोटून दे. स्वतःचंबी करून घे, जोडीले जोडी दिसावं म्हणून. पोराचं लग्न होऊन राह्यलं तं माय कशाले तोंड उघडन. पण सकाळच्या उजेडात त्याईले तसं बसलेलं पाहून मले दोन भोपळ्याईची आठवण ये.

पोरगी आली. संगं बाप. बाप बैठकीत पोरासंगं अन् पुतण्यासंगं बोलत बसला. पोरगी कप ठेवाले माह्यामागं सैपाकघरात आली. खिडकीत आरसा, अन् आरशापाशी ती बाटली. झाकाचं कोणाच्या ध्यानातच नाई आलं. पोरीनं बाटली उचलली, पाह्यली, म्हणे, "मावशी, हे कोण लावते?"

मी कप मोरीत ठेवाले वळली. पुतण्या पाणी न्याले दारात आलता. म्हणे, "माही आहे ते, वहिनी." अजून काहीच नाई अन् हा वहिनी म्हणून मोकळा.

माहा पोरगा त्याच्या मागून आत आला. म्हणे, "त्याची नाई, माही आहे. मुंडण दहाव्याचंच आहे, पण पुढं रोज करून राह्यलो. समोरचे केस येणार नाई. अन् फोटो कॉलेजातला आहे."

पुतण्यानं डोस्क्याले हात लावला. मी गॅस बारीक केला.

पोरगी म्हणे, "तुमाले फरक पडला?"

"मले नाई. याले पडला, अन् याले नको होता."

ती हसली नाई. ओढणी सरकवली, मान खाली केली अन् भांग दाखवला. भांगाच्या दोन्हीकडून बारीक बारीक केस उभे होते, नव्या गवतावानी. म्हणे, "मी बी हेच लावतो. कॉलेजात असतानी भांग पार रुंद झालता. मले लागू पडलं. पण सोडलं का पुन्हा जाते, म्हणून जनमभर लावाच लागन. घरचे म्हणतात हे सांगू नोको, पोराकडचे नाई म्हणतीन."

मंग माह्या पोराकडं पाहून म्हणे, "उद्यापासून डोस्कं नोका करू. आठ-दहा दिवसानं मी पुन्हा येतो. जसं आहे तसं पाहून सांगतो."

दुसऱ्या दिवशी पुतण्या पाणी घेऊन आला तं पोरानं त्याले परत पाठवलं. वर्ध्याले हापिसातबी बिनटोपीचा गेला. संध्याकाळी येऊन जेवाले बसे. मी जास्तीची भाकर वाढे अन् तो तशीच ठेवे.

पोरगी आली ती रविवारची, एकटी, यष्टीनं. याले म्हणे बाहेर चला, घरात उजेड कमी आहे. आंगणात उभं केलं अन् बैल घेताना फिरतात तशी त्याच्याभोवती फिरली. समोरून पाह्यलं, मागून पाह्यलं. पुतण्या गोठ्यातून पाहून राह्यला, त्याची बायको कुडावरून. पोराच्या कपाळावर घाम, अन् घामाले अडवाले एक केस नाई.

मंग ती म्हणे, "ठीक आहे." अन् ओट्यावर बसून तिनं स्वतःची ओढणी काढून ठेवली. म्हणे, "आता तुमी पाहा."

माहा पोरगा वाकला, पण पाहाचं सोडून लाजूनच राह्यला. मी म्हटलं, पाहून घे बाबू, मंग म्हणू नोको का मायनं दाखवलं नाई. अन् मी आत गेली, पोहे भिजवाचे होते.