बारवेच्या पायऱ्यांवर काटे

हट्टा गावची जैनबबी मनियारीण बांगड्या भरताना कुणाच्या हाताला ओरखडा उमटू द्यायची नाही, पण जिभेनं तिखट होती. एकोणीसशे सदतीसच्या उन्हाळ्यात तिच्या घोट्यातून नारू निघाला. दोऱ्यासारखा तो किडा रोज थोडा थोडा काडीला गुंडाळत ती दीड महिना खाटेवर पडून होती. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं तिला सांगितलं, की नारूचा पाय पाण्यात बुडाला की त्याची पिल्लं पाण्यात उतरतात, आणि ते पाणी पिणाऱ्याला वर्षभरानं नारू होतो.

गाव तर बारवेच्या पायऱ्या उतरून, गुडघाभर पाण्यात उभं राहून घागरी भरायचं. पाय बरा झाल्यावर जैनबबी रोज सकाळी बारवेच्या तोंडाशी बसू लागली.

"सरकारनं नेमलं का तुला?" घागर घेऊन आलेल्या ग्यानबानं विचारलं.

"न्हाई."

"मंग काहून बसून राहिलीस?"

"तुझ्या पायाला नारू हाय म्हणून. वरच थांब."

ग्यानबा निवांत खाली उतरला, पाय चोळून धुतले, घागर भरून वर आला. "पाणी गार हाय," म्हणाला.

वरूनच पाणी शेंदता यावं म्हणून तिनं पदरचा पोहरा अन् दोर आणला. तर बाया म्हणाल्या, तुझ्या हातचा दोर आमी कसा धरावा? जैनबबीनं कपाळाला हात लावला. शेवटी शेजारची नर्मदाबाई पुढं झाली. "दोर माझ्याकडं राहील. जैनबबी फकस्त बोलंल."

आठ दिवसांत दोर गायब. सापडला तो ग्यानबाच्या बैलाच्या गळ्यात. जैनबबी तणतणत घरी गेली आणि दोन दिवस फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी नर्मदाबाई दारात उभी. "चल बाई. मी एकटी किती जणांना अडवू?" ती चरफडत उठली.

पुढच्या उन्हाळ्यात नारू निम्म्यावर आला. ग्यानबाच्या पायालाही नारू नव्हता.

"देवीला नवस बोललो व्हतो," तो म्हणाला. "आता नारूच न्हाई, तर पाय बुडवला म्हणून काय बिघडलं?"

आणि तो उतरला. त्याच्यामागं बाकीचेही उतरू लागले, त्यात नारूच्या पायाला चिंध्या बांधलेले दोघं होते.

वर्षभर घसा कोरडा केला त्याचं हे फळ. दुपारी बारवेवर कुणी नसताना जैनबबीनं अन् नर्मदाबाईनं बाभळीच्या फांद्या ओढत आणल्या, पाण्यालगतच्या पायऱ्यांवर गच्च रचल्या आणि वर दगड ठेवले.

दुसऱ्या दिवशी गावानं दोघींचा उद्धार केला. ग्यानबा पाटलाकडं गेला. पाटलाच्या घरात तेव्हा दोघंजण नारूनं पडून होते. पाटील म्हणाला, राहू दे काटे. मग शिव्या देत देत लोक पोहऱ्यानं पाणी शेंदू लागले.

तिसऱ्या उन्हाळ्यात गावात एकालाही नारू निघाला नाही. त्याबद्दल कुणी जैनबबीला चकार शब्द बोललं नाही. काटे कुजले की दोघी नव्या फांद्या तोडायला जायच्या, आणि जाता-येता जैनबबी गावाला नावं ठेवायची.