परतकाका आणि खेळण्यांचं पार्सल

परतकाकांच्या हातात कुठलाही कागद दिला की ते आधी तो उलटा करून मागची बाजू पाहायचे. मागे कोरं असलं की समाधानाने मान हलवायचे. म्हणजे परत लिहायला जागा आहे. मग पुढची बाजू वाचायचे आणि बहुतेक वेळा म्हणायचे, "परत लिहा." त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते कोणी घेत नसे. वर्धा रोडला कार्गोच्या गोदामासमोर त्यांची एका टेबलाची खोली होती आणि तिच्यात एक खडखडणारा कूलर. परदेशातून आलेलं सामान कस्टममधून सोडवून द्यायचं, हा त्यांचा धंदा. मी उभा जन्म शाळेत पोरांच्या वह्या तपासल्या, पण इतक्या वेळा 'परत लिहा' मीसुद्धा कोणाला म्हटलं नसेल.

त्यांच्याकडे जास्त गर्दी गाडीच्या शौकिनांची. कोणी बँकॉकहून चाकं मागवायचा, कोणी दुबईहून सायलेन्सर, आणि ड्यूटी वाचावी म्हणून कागदावर भलतंच काहीतरी लिहून आणायचा. एका बिल्डरने जीपच्या टपावर लावायचे मोठे लाइट मागवले होते आणि रकान्यात चक्क 'दिवाळीचे दिवे' लिहिलं होतं. काकांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "आकाशकंदिलाच्या जागी टांगशीन काय गा?" बिल्डर हसला, काका हसले नाहीत. "वस्तूचं नाव राहू दे, तिचं काम लिही. काम लिहिताना खोटं सुचत नाही माणसाले." बिल्डरने तो कागद तीनदा लिहिला. मी मागे बाकावर बसले होते, आणि आपला नंबर येईपर्यंत संध्याकाळ होणार या विचाराने माझं डोकं तापलं होतं.

माझं काम असं होतं. माझा धाकटा भाऊ दिलीप बुटीबोरीच्या कारखान्यातल्या लोकांची स्वतःच्या गाडीने ने-आण करायचा. एका ट्रकच्या धडकेत त्याचा उजवा पाय मांडीपासून गेला. गाडी अंगणात ताडपत्रीखाली गेली आणि दिलीप खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. जेव म्हटलं की जेवायचा, झोप म्हटलं की डोळे मिटायचा. त्याची बायको मला म्हणायची, "ताई, हे घरात आहेत की नाहीत तेच समजत नाही." तेव्हा दुबईला असलेल्या माझ्या मुलाने तिथे कोणाच्या तरी गाडीत एक लिव्हर पाहिला. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही हाताने. त्याने मामासाठी तो घेतला आणि पाठवून दिला.

पोराने प्रेमाने पाठवला आणि प्रेमानेच घोळ घातला. भेट म्हणून पाठवलं की ड्यूटी लागत नाही, ही आपल्या घराघरांतली जुनी समजूत. ती सवलत केव्हाच गेली, हे त्याला माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. त्यावर शहाणपणा म्हणून त्याने खोक्यावर लिहिलं: 'गिफ्ट, खेळणी.'

खेळण्यांचा कर भरला असता तर खोका त्याच दिवशी हातात पडत होता. दिलीप कित्येक महिन्यांनी घराबाहेर पडला होता आणि बाहेर ऑटोत कुबड्या धरून बसला होता. मी भोळेपणाने काकांना सांगून बसले, की आत खेळणी नाहीत, गाडीचा लिव्हर आहे. काकांनी पेन खाली ठेवलं.

"मॅडम, हे असं नाही सोडवत मी."

"काहून? मिळून राहिलं ना?"

"मिळून राहिलं, हाव. पण गाडीत बदल केला तर तो गाडीच्या पुस्तकात, आरसीत, चढवा लागते. आरटीओत साहेब विचारन, हा लिव्हर आणला कोठून, कागद दाखवा. तुम्ही खेळण्याचा कागद दाखवान काय?"

मी भडकले. नका चढवू पुस्तकात, म्हटलं, इथे कोण पाहतं? काका नाही म्हणून मान हलवत राहिले. तेव्हा माझ्या तोंडून गेलं, "तुम्हाला काय, तुमचे दोन्ही पाय धड आहेत!" काकांनी चष्मा काढून पुसला, परत घातला.

"पायाचं काम करणारी वस्तू आहे, मॅडम. तिले खेळणं नका लिहू."

मी तणतणत बाहेर आले आणि ऑटोत दिलीपला सगळं सांगितलं. वाटलं, हा तरी माझ्या बाजूने बोलेल. त्याने गोदामाच्या गेटकडे पाहिलं. मग म्हणाला, "सही कर, ताई. ते म्हणतात तिथं सही कर. मले लपूनछपून नाही चालवायची." अपघातानंतर एका दमात तो एवढं पहिल्यांदाच बोलला होता. मी आत जाऊन सही केली, पण काकांकडे पाहिलं नाही.

त्यानंतरचे महिने आठवले की आजही अंगातलं त्राण जातं. खऱ्या नावाने नवा अर्ज. आधी खोटं लिहिलं म्हणून दंड. तिकडच्या दुकानाचं बिल आलं, तर त्यात गाडीचं नाव नव्हतं. ते परत. अपंगांच्या सामानाला सवलत मिळते म्हणून काकांनी वेगळा अर्ज घातला, त्याला डॉक्टरांचं सर्टिफिकेट. डॉक्टरांनी लिहिलं, 'उजवा पाय नाही.' काका म्हणाले, "पाय नाही हे तर कोणालेही दिसते. याले ब्रेक हातानं लागते, हे कोठं लिहिलं? परत लिहून आणा." मी परत धंतोलीला डॉक्टरांकडे, परत त्याच जिन्याने, परत त्याच कंपाउंडरच्या पाया पडायला. एवढं करून सवलत मिळालीच नाही. योग्य शब्दांतलं सर्टिफिकेट आलं तेव्हा सवलतीच्या अर्जाची मुदत उलटून गेली होती. पूर्ण ड्यूटी, दंड, वर गोदामाचं भाडं, सगळं भरावं लागलं.

दिलीप आधी रोज विचारायचा, "आलं काय?" मग दोन-चार दिवसांनी एकदा विचारू लागला. मग विचारणंच बंद केलं आणि पुन्हा भिंतीकडे वळला. तेव्हा मी काकांना मनातल्या मनात जे काही बोलले, ते मास्तरणीच्या तोंडी शोभणारं नव्हतं. पण एक कबूल करते. भर उन्हात कार्गोच्या खिडकीसमोर रांगेत ते स्वतः उभे राहायचे. "तुम्ही सावलीत बसा वं बाई, तुमच्याच्यानं नाही होत," म्हणायचे. शर्ट पाठीला चिकटलेला असायचा. आणि काम झाल्यावर त्यांनी आपली फी पूर्ण घेतली, पावती फाडून. तेव्हा मला तेही झोंबलं होतं.

लिव्हर बसला. आरटीओत तपासणी झाली, गाडीच्या पुस्तकात नोंद झाली, दिलीपला नवीन लायसन्स मिळालं. तो कुहीच्या शाळेतल्या मास्तरांची ने-आण करू लागला. घरात पुन्हा त्याचा आवाज येऊ लागला, भाजीत मीठ कमी आहे म्हणून बायकोवर ओरडूसुद्धा लागला. तिने मला हे फोन करून सांगितलं आणि फोनवरच रडली.

मागच्या उन्हाळ्यात कुहीहून रिकामी गाडी घेऊन येताना एक मोटरसायकलवाला उलट्या बाजूने आला आणि दिलीपच्या गाडीवर आदळला. माणसं धावली. पडलेल्याला कोणीतरी उचलून नेलं आणि बाकीच्यांनी दिलीपच्या बाजूचं दार उघडलं. आत एकच पाय. "अरे, याले पाय नाही! लंगड्याले गाडी कोणं देल्ली बे?" त्याला बाहेर ओढलं, एक कुबडी मोडली, दोन-चार हात पडले. पोलीस आले तेव्हा तो रस्त्यावर बसला होता. त्याने एवढंच सांगितलं, की समोरच्या खणातली फाइल काढा. हवालदाराने तिथेच उभ्याने ती वाचली. लिव्हरचं बिल, कस्टमचा कागद, सर्टिफिकेट, पुस्तकातली नोंद, लायसन्स. मग तो जमावाकडे वळून म्हणाला, "याचे कागद तुमच्या सगळ्यांपेक्षा पक्के आहेत. चला, निघा." जबाब देऊन दिलीप स्वतः गाडी चालवत घरी आला. खेळण्याचा कागद असता तर तो त्या दिवशी घरी आलाच नसता.

मी दुसऱ्याच दिवशी पेढे घेऊन काकांकडे गेले. खोलीला कुलूप होतं. शेजारच्या चहावाल्याने सांगितलं, की किडन्या गेल्या, धंतोलीत ॲडमिट आहेत. मी तिथे गेले. माणूस अगदी सुकून गेला होता. मी सगळं सांगितलं: जमाव, फाइल, हवालदाराचं बोलणं. हात जोडले. म्हटलं, काका, त्या दिवशी मी फार वाईट बोलले, आणि तुम्ही माझा भाऊ वाचवला. वाटलं, आता ते खूश होतील, निदान हसतील. ते ऐकत होते. मग बारीक आवाजात म्हणाले,

"अन तो मोटरसायकलवाला कसा आहे?"

मला माहीत नव्हतं. आमच्या घरात कोणीच विचारलं नव्हतं. आमचा माणूस सुटला, एवढ्यावर आम्ही पेढे वाटले होते. काकांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "जाऊन या, मॅडम."

चार दिवसांनी काका गेले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दिलीपने पोलिसांकडून पत्ता काढला. तो मोटरसायकलवालाही धंतोलीतच होता, दुसऱ्या दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद होती. मी म्हटलं, तू खाली थांब, मी जाऊन येते. दिलीप जिना चढायला लागला. प्रत्येक मजल्यावर टेकत, घाम पुसत. वर कोपऱ्यातल्या खाटेवर पस्तिशीतला माणूस, कमरेपासून प्लास्टर, पायथ्याशी बायको बसलेली. मला वाटलं, आता हे शिव्या देतील. त्या माणसाने आधी दिलीपचा चेहरा पाहिला, मग त्याची दुमडून पिन लावलेली पँट पाहिली, आणि त्याचा बांधच फुटला.

"दादा, माझा पाय वाचन ना हो?"

दिलीपने कुबड्या माझ्याकडे दिल्या. खाटेच्या कडेला बसला, त्याचा हात हातात घेतला. दुपारचे डॉक्टर येईपर्यंत तो तिथून उठला नाही.