गळ्यातलं हळकुंड

एमआरआयच्या खोलीत धातू चालत नाही, म्हणून हिने मंगळसूत्र काढून माझ्या हातात दिलं. पण मोकळ्या गळ्याने आत जाईना. "दोऱ्यात हळकुंड बांधून आणा आधी. तुमच्या आयुष्याचं आहे हो ते." तपासणी हिच्या हृदयाची आणि काळजी माझ्या आयुष्याची! चिडलो, पण कोपऱ्यावरच्या वाण्याकडे धावत गेलो.

आता भिंतीपलीकडे ते यंत्र खडखडतंय. छाती न उघडता आतलं हृदय दिसतं म्हणे त्यात. मी मात्र चाळीस वर्षं शेजारी झोपलो आणि हिला लागणारी धाप मला कधी ऐकू आली नाही.

मुठीतलं मंगळसूत्र घामाने भिजलंय. बायको जगावी म्हणून नवऱ्याने गळ्यात काय बांधायचं असतं? सांगा ना कुणीतरी. मी आत्ता धावत जाऊन आणतो.