तिसऱ्या महिन्याआधी

बायकांच्या दुखण्यावर माझ्यासारख्या कॉलेजातल्या पोरानं लिहावं का, कळत नाही, माफी असावी. पण भाकरी थापताना वहिनीचा हात पोटाच्या एका बाजूला गेला आणि साडीवर पिठाची बोटं उमटली, ती डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

"आई, रक्त जातंय हो."

"हळू बोल," माझी आई कुजबुजली, "तीन महिने भरेपर्यंत सांगू नये. दृष्ट लागते."

आनंद लपवायचा, म्हणून दुखणंही लपवायचं? मी दारात जाऊन ओरडलो, "वहिनीला दिवस गेलेत, रक्त जातंय, रिक्षा आणा!" गल्लीनं ऐकलं. ऐकू दे.

संध्याकाळी दवाखान्यातून दादाचा फोन आला. "गर्भ पिशवीत नाही, नळीत होता रे, काढावा लागला. वहिनी वाचली. विचारतेय, गल्लीभर कशाला ओरडलास?"