नवे इंजेक्टर आणि दोन बरके फणस
पंपावर पुढच्या टेम्पोतून पिकलेल्या फणसाचा वास आला आणि मला एकट्यालाच हसू फुटलं. बाबांनी आमच्या जुन्या गाडीला इंजिनात इंधन फवारणारे नवे इंजेक्टर बसवून घेतले, तेव्हाची गोष्ट आठवली. आईला गाडी विकायची होती. ॲव्हरेज वाढला नाही तर विकू, असं बाबांनी कबूल केलं. रत्नागिरीत टाकी काठोकाठ भरून आम्ही तिघं नाटे गावी आत्याकडे निघालो. वजन नको म्हणून बाबांनी स्टेपनीसुद्धा घरी ठेवलेली, एसी बंद, आणि आम्ही घामाने निथळत. परत निघताना आत्याने डिकीत मऊ गऱ्यांचे दोन बरके फणस चढवले. "माझ्या दारातून रिकाम्या गाडीने कोण गेलाय काय रे कधी?" थोरल्या बहिणीपुढे बाबांनी निमूट डिकी लावली. पण चढ लागला तसे ते कासावीस झाले आणि चढावरच्या सड्यावर, कातळाच्या माळावर, सावली बघून गाडी थांबवली. "एक फणस इथेच संपवू, तेवढंच ओझं कमी." तिघांनी तो हातांनीच फोडून खाल्ला. गरे गिळता गिळता आई म्हणाली, "अहो, ओझं गाडीतच राहिलं की. डिकीतून सीटवर आलं!" पंपावर पुन्हा टाकी भरून चिकट बोटांनी बाबांनी गणित मांडलं. लिटरमागे जेमतेम अर्धा किलोमीटर वाढला होता. बाबांचा चेहरा उतरला. आईने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "फणसांच्या ओझ्याचा एक किलोमीटर धरा की वर. राहू दे गाडी." एवढं आठवेपर्यंत माझ्यापुढचा फणसांचा टेम्पो सरकला, आणि मी तीच गाडी पुढे घेतली.